घरचं एक्स्चेंज

"यांना सांगा, स्वतःच्या घरात गरम पाणी नसलेला बॉयलर मेकॅनिक अख्ख्या शहरात एकच असेल," सून म्हणाली आणि भिंतीला टेकून एका पायात बूट चढवू लागली.

"सांगते," आजी म्हणाली.

"आणि हेही सांगा, की मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. पेंग्विन नाही."

"पेंग्विन नाही." आजीने मान डोलावली. निरोप घेताना शेवटचे शब्द परत उच्चारायची तिची जुनी सवय होती.

"शब्द न् शब्द सांगा हं, आई. गुळगुळीत करू नका."

"मी कशाला गुळगुळीत करू बाई? मी आपली मधली तार."

दार आपटलं. सुनेची पावलं जिन्याने खाली गेली, परत वर आली, खुंटीवरची छत्री घेऊन परत खाली गेली. मग घर शांत झालं.

दुपार कलल्यावर मुलगा आला. थंडीच्या दिवसांत तो घरी येत नसे; दोन कामांच्या मध्ये घर लागलंच तर त्यातून जात असे. हत्यारांची पेटी दारात, टोपी टेबलावर आणि स्वतः स्वयंपाकघरात, उभ्याने पाव खात.

"काही निरोप?"

"आहे ना. ती म्हणाली, घरचं राहू दे, आधी लोकांकडचं बघ. थंडी फार आहे, कुणाच्या घरी तान्ही पोरं असतील."

"असं म्हणाली?" त्याचा घास थांबला.

"असंच म्हणाली."

मुलगा विरघळला. तिच्यासाठी आजच बाथरूममधला बॉयलर खोलायचा, असं त्याच्या मनात आलं. पण ज्या बाईने एवढ्या समजूतदारपणे 'राहू दे' म्हटलंय, तिचा शब्द मोडणंही बरं नव्हे. तो पाव संपवून निघून गेला. पाणी गारच राहिलं.

या घरात चार माणसं राहत होती हे खरं. फक्त ती एका वेळी राहत नव्हती. पहिलं धुकं पडलं की शहरातले बॉयलर ठरवून संपावर जात आणि मुलाची पाठ घराकडे वळे, ती पालवी फुटेपर्यंत. सुनेला इस्पितळात पाळ्या होत्या, आणि जन्माला येणाऱ्या मुलांना घड्याळ कळत नाही. नात कॉलेजात होती. पहाटे बेकरीत पाव भरायची, संध्याकाळी पोहण्याच्या बंदिस्त तलावावर लहान मुलांना शिकवायची आणि मधल्या वेळात शिक्षण घ्यायची. तिचं पाळण्यातलं नाव काहीही असलं तरी घरात तिला 'घाई' म्हणत. तीही ओ देई, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत नसे.

आणि या सगळ्यांच्या मधोमध आजी. घराच्या सगळ्या खोल्यांची दारं ज्या बोळात उघडत, त्या बोळात तिची खुर्ची होती. येणारा तिच्यावरून येई, जाणारा तिच्यावरून जाई, आणि प्रत्येक जण जाताना तिच्याजवळ काहीतरी ठेवून जाई. त्याला सांग. तिला विचार. घाईला म्हणावं, माझा चार्जर परत कर. ज्या बाईने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून आणि हातात तारा घेऊन काढला, तिला हे काही नवं नव्हतं. घाई तर तिला आजी न म्हणता 'एक्स्चेंज'च म्हणायची. "एक्स्चेंज, लाईन द्या!" असं दारातूनच ओरडायची. आणि कुणी फार वेळ बोलत सुटलं, की आजी ट्रंक कॉल तोडल्यासारखी म्हणायची, "तीन मिनिटं झाली."

घरात फोन नव्हते असं नाही. प्रत्येकाकडे होता, आणि मध्यंतरी घाईने चौघांचा एक ग्रुपही काढून दिला होता. पण बोललेलं वाक्य हवेत विरून जातं आणि लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचता येतं. आणि दर वाचनाला ते आणखी वाईट होत जातं. सुनेच्या लांबलचक मजकुराला मुलाने 'बरं' एवढंच उत्तर दिलं, त्यावरून जे रामायण झालं, ते शेवटी आजीलाच मिटवावं लागलं. तेव्हापासून त्या ग्रुपवर फक्त घाई मांजरांची चित्रं टाके आणि ती कुणीही बघत नसे.

एक्स्चेंजमध्ये एक कडक नियम होता. ऑपरेटरने लाईन जोडायची. ऐकायचं नाही, आणि चुकून ऐकलंच तर त्यात एका अक्षराची भर घालायची नाही. आजीने हा नियम इमानेइतबारे पाळला होता. लोकांची भांडणं, साखरपुडे, मयतीच्या बातम्या तिच्या बोटांखालून गेल्या, आणि तिने कशालाही हात लावला नाही. कितीदा तिच्या जिभेवर आलं होतं, की अहो, एवढं तोडून नका बोलू, ती बाई पलीकडे रडतेय. पण नियम म्हणजे नियम. निवृत्त झाल्यावर मात्र तिने त्या सगळ्या वर्षांचा वचपा घरात काढला. मुलाने "तिला सांग, माझं डोकं फिरवू नकोस" म्हटलं, की सुनेपर्यंत "त्याचं डोकं दुखतंय ग आज" एवढंच पोचे. सून "यांना सांगा, मी काही यांची मोलकरीण नाही" म्हणाली, की मुलाला कळे, "आज फार दमली बिचारी." नवरा-बायको एकमेकांबद्दल मनात जे काही गोड धरून होते, त्यातलं बरंचसं आजीच्या कारखान्यात तयार झालेलं होतं.

या उद्योगाचा एकच तोटा होता. सगळे एकमेकांना इतके समजून घेत, की घरात काहीही दुरुस्त होत नसे.

पौषातली थंडी म्हणतात तशी थंडी पडली तेव्हा पहिला घोटाळा झाला. घाई सकाळी वाऱ्यासारखी बोळातून जाताना म्हणाली, "एक्स्चेंज, बाबाला सांग, संध्याकाळी मला तलावावरून घ्यायला ये. बस बंद आहे. नक्की हं!"

"नक्की," आजी म्हणाली.

संध्याकाळी मुलगा आला, चहा प्यायला, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवा झाला. आजी शेजारीच मटार सोलत बसली होती. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि घाई आत आली. ओले केस कपाळाला चिकटलेले, ओठ निळे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चालण्यात घाई नव्हती.

"बाबा, मी तुझी वाट बघत होते. कुडकुडत."

"माझी? मला कुठे..."

"आजीला सांगितलं होतं मी!"

दोघांनी आजीकडे बघितलं. आजीच्या मनात त्या जागी काहीच नव्हतं. सकाळ होती, घाईचा लाल स्कार्फ होता, पण शब्द नव्हते. बोर्डवरचा दिवा लुकलुकावा आणि तार लावायचं भोक सापडू नये, तसं झालं. आणि तिच्या तोंडून, तिला कळायच्या आत, निघून गेलं:

"मी सांगितलं होतं की रे तुला. विसरलास वाटतं."

मुलाने कपाळावर हात मारला. विसरणं हा त्याचा जुनाच लौकिक होता; स्वतःच्या साखरपुड्यालाही तो पाऊण तास उशिरा आला होता. "विसरलोच असेन. सॉरी ग, घाई." त्याने उठून लेकीचे केस पुसायला घेतले. घाईला ताप भरला, मग सुनेला, मग मुलाला. सबंध आठवडा एकेक जण पाळीपाळीने अंथरुणात होता. सगळ्यांनी एकदम आजारी पडायलासुद्धा त्यांना सवड झाली नाही. आजी प्रत्येकाच्या उशाशी सूप नेऊन ठेवत होती. मुलाच्या उशाशी वाडगा ठेवताना तिचा हात किंचित थांबे. पण ती बोलली नाही.

बोलायचं तरी काय? बोललं, की पुढचं तिला पाठ होतं. एक्स्चेंजमध्ये एक जुनी ऑपरेटर अशीच तारा चुकवू लागली होती. तिला कुणी रागावलं नाही. "तुम्ही आता आराम करा" म्हणाले. खिडकीजवळची चांगली जागा दिली, उशी दिली, आणि काम काढून घेतलं. त्या बाईने महिनाभर खिडकीतून बाहेर बघितलं आणि मग यायचीच बंद झाली.

आजीने रुमालाला गाठी मारायला सुरुवात केली. एक निरोप, एक गाठ. संध्याकाळी गाठ सापडे. कशाची, ते सापडत नसे.

दुसरा घोटाळा वेगळाच होता. निरोप लक्षात राहिला, पण गुळगुळीत करायचा राहून गेला. मुलगा दारातून आत येतो न येतो तोच आजी सुनेच्या सुरात, सुनेच्या ठसक्यात म्हणाली, "तुम्ही घरी येऊन गेलात हे मला फक्त ओल्या टॉवेलवरून कळतं."

मुलगा जागच्या जागी उभा राहिला. "काय?"

"असं ती म्हणाली," आजी म्हणाली, आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं. "म्हणजे गमतीत म्हणाली रे."

"नाही," मुलगा हळूच म्हणाला. "हे तिचंच आहे. अगदी तिचं."

पुढचे कित्येक दिवस टॉवेल दोरीवर चारी टोकं सारखी करून वाळत असे. आजी त्याच्याकडे बघे आणि तिला एक शंका छळे: इतकी वर्षं आपण नेमकं केलं तरी काय?

थंडी ओसरायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. सून कामावर निघाली, बूट चढवले, पण दाराकडे गेली नाही. बोळातलं स्टूल ओढून आजीसमोर बसली. या घरात निघालेलं माणूस बसतं, हे आजीने पहिल्यांदा बघितलं.

"आई, एक निरोप आहे. हा मात्र नीट द्या."

"कोणता मी वेडावाकडा दिलाय?"

सून हसली नाही. "त्या नदीपलीकडच्या गावात नवीन प्रसूतिगृह निघतंय. मला मुख्य नर्स म्हणून बोलावतायत. राहायला खोलीही देणारेत. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"अगं, चांगलंच आहे की!"

"चांगलं आहे. पण यांना सांगा, जा म्हणा नाहीतर नको म्हणा. जे म्हणायचं ते म्हणा, पण म्हणा. महिना संपेपर्यंत मी थांबते. काहीच बोलले नाहीत, तर मी समजेन की मी असले काय, नसले काय, यांना सारखंच. मग मी मोठी बॅग भरीन."

मोठी बॅग म्हणजे माळ्यावरची. या घरात चार दिवसांच्या गावाला छोटी बॅग जाई. मोठी बॅग घेऊन सून लग्नात आली होती, त्यानंतर ती खाली उतरलेली नव्हती.

"तूच का नाही बोलत त्याच्याशी?" आजीने विचारलं.

"बोलायला बसले की यांचा फोन वाजतो, नाहीतर माझा. आणि खरं सांगू?" सुनेने नजर खाली केली. "मला भीती वाटते. यांच्या तोंडचं उत्तर कसं असेल कोण जाणे. तुमच्याकडून आलेलं उत्तर नेहमी जरा बरं असतं."

आजीने चमकून वर बघितलं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. पण सून उठून निघालीही होती.

"मोठी बॅग भरीन," आजी रिकाम्या बोळात म्हणाली, आणि रुमालाला चांगली घट्ट गाठ मारली.

सकाळी गाठ उशाशी होती. त्या दिवशी आजीला गाठीचा अर्थही आठवत होता. सुनेचा शब्द न् शब्द आठवत होता. आठवत नव्हतं ते पुढचं. मुलगा काल आला होता. पेटीचा आवाज झाला होता. आपण त्याला सांगितलं का? ती डोळे मिटून बसली, पुन्हा पुन्हा त्या संध्याकाळच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडे, मुलगा आत येई, आणि पुढे सगळं पांढरं.

साधा उपाय होता: पुन्हा सांगायचं. पण आधीच सांगून झालं असेल तर? मुलगा म्हणेल, आई, कालच नाही का बोललीस? मग तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघेल. मग उशी येईल, खिडकी येईल.

तिने आडून विचारलं. "काय रे, तिला काही निरोप?"

मुलगा पेटीत पाने-पकडी लावत होता. "नाही," तो म्हणाला.

त्या 'नाही'त काहीही बसत होतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, "काहीच नाही?" मुलगा म्हणाला, "आई, असला तर देईन ना." तिसऱ्या दिवशी विचारायला गेली, तर आपण काल विचारलं की परवा, याचाच तिला पत्ता लागेना. इकडे सून रोज येता-जाता एक क्षण खुर्चीशी थांबे, तोंडाने काही न विचारता. आजी म्हणे, "थांब की, पुरुष माणूस, विचार करतोय." हे तिने गुळगुळीत केलेलं शेवटचं वाक्य, आणि यावेळी तिच्या हातात मूळ मालच नव्हता.

पालवी फुटली. रस्त्याकडेच्या झाडांवर एका आठवड्यात हिरवं धुकं चढलं, लोकांचे बॉयलर आपोआप बरे झाले आणि मुलगा दिवसाउजेडी घरी येऊ लागला. आल्यावर काय करायचं ते त्याला सुचत नसे. पाहुण्यासारखा या खोलीतून त्या खोलीत जाई आणि दिव्याची बटणं लावून बघे. सून घरी असली की तो बाल्कनीत, तो घरात आला की ती स्वयंपाकघरात. आता फोन वाजत नव्हते, तरी बोलणं होत नव्हतं.

एका सकाळी माळ्यावरून काहीतरी घसरत खाली आल्याचा आवाज झाला. आजी खुर्चीतून उठली. सुनेच्या खोलीत पलंगावर मोठी बॅग उघडी पडली होती आणि सून कपड्यांच्या घड्या घालत होती. घाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. नुसती उभी होती, आणि ते जास्त वाईट होतं. मुलगा खिडकीपाशी, पाठमोरा.

"अगं, ही बॅग कशाला?" आजीने विचारलं.

"महिना संपला, आई," सून म्हणाली. हात थांबले नाहीत. "मी विचारलं, उत्तर आलं नाही. म्हणजे तेच उत्तर."

मुलाची पाठ हलली नाही.

आजीला त्या क्षणी उशी दिसली, खिडकी दिसली, आणि त्याच्याही पलीकडे मुलाचा उघडा, रिकामा संसार दिसला. तिने पलंगाचा कठडा धरला.

"उत्तर कसं येईल?" ती म्हणाली. "निरोपच गेला नाही."

सुनेचे हात थांबले. "म्हणजे?"

"मी विसरले. सांगायचं राहून गेलं. हल्ली विसरते मी. घाईला तलावावर कुडकुडत ठेवलं तेही मीच, त्याच्यावर ढकललं नुसतं. डोक्यात भोकं पडलीत माझ्या. त्याला काही ठाऊक नाही, बाई. त्याच्यावर कशाला रागावतेस?"

सून वळली आणि नवऱ्याकडे बघून, मध्ये कुणालाही न घेता, म्हणाली, "अहो. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मुलगा हळूहळू वळला. त्याने बायकोकडे बघितलं, मग आईकडे. आई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नुसता पश्चात्ताप होता. तो काहीतरी बोलणार होता. मग त्याने बॅगेकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "मला काही माहीत नव्हतं."

सून पलंगाच्या कडेवर, कपड्यांच्या घड्यांवरच बसली आणि तिने तोंडाला पदरासारखी एक साडी, हाताला लागली ती, लावली. "मला वाटलं, तुम्हाला फरकच पडत नाही."

"पडतो," मुलगा म्हणाला. आणि मग बूच निघालेल्या नळासारखा, अडखळत, तो बोलत सुटला. तू जावंस असंच मला वाटतं, पण तू जाऊ नयेस असंही वाटतं. मला हे एका वाक्यात म्हणता येत नाही. तिकडे जा, पण शनिवारी ये. नाहीतर मी येतो. तिकडेही बॉयलर असतीलच की.

"तीन मिनिटं झाली, बाबा," घाई नाक ओढत म्हणाली, आणि सगळे हसले. आजीही हसली, आपलंच वाक्य आपल्याला परत मिळालं, हे तिला जरा उशिरा कळलं.

मोठी बॅग माळ्यावर गेली. सोमवारी सून छोटी बॅग घेऊन गेली आणि शनिवारी आली.

आजीला कुणी रागावलं नाही. "तुम्ही आता आराम करा," सून म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी माया होती की आजीने नुसती मान डोलावली. घरात आता थेट बोलणं सुरू झालं. थेट बोलल्यामुळे भांडणंही थेट होऊ लागली. शनिवारी रात्रीचं जेवण म्हणजे कोर्ट भरे. पण पहिल्याच भांडणानंतर मुलगा तरातरा बाथरूममध्ये गेला आणि त्याने अर्ध्या तासात बॉयलर दुरुस्त केला. सबंध हिवाळा ज्याला पुरला नव्हता, त्याला एक शिवी पुरली. आजीने गरम पाण्याने आंघोळ केली आणि अंग पुसता पुसता तिला वाटलं, आपण फार वर्षं या पोरांचं पाणी गार ठेवलं.

मग एका सकाळी मुलगा कामाला निघाला होता. बोळात वाकून बुटाची नाडी बांधत होता; हात मोकळे हवेत म्हणून कामाचे चामडी हातमोजे त्याने दातात धरले होते. आजी बघत होती. आणि तिच्या डोक्यातलं ते पांढरं एकदम फाटलं.

अशीच वाकलेली पाठ. असेच दातात धरलेले हातमोजे. संध्याकाळ नव्हतीच ती, सकाळ होती. सून गेल्यावर थोड्याच वेळाने तो अवजार न्यायला परत आला होता. म्हणून ती संध्याकाळच्या दारात शोधून शोधून थकली होती. तिने सांगितलं होतं. जन्मात पहिल्यांदा एका अक्षराचीही भर न घालता सांगितलं होतं: जा म्हण नाहीतर नको म्हण, पण म्हण. नाहीतर ती मोठी बॅग भरेल. आणि तो वर न बघता, हातमोजे दातात तसेच ठेवून म्हणाला होता, "बघू."

मुलाने मान वर केली. आई आपल्याकडे कशी बघतेय ते त्याला दिसलं. त्याने हातमोजे तोंडातून काढले.

"काय झालं, आई?"

तो तसाच वाकलेला राहिला. कानशिलावरचे केस पिकले होते; हे तिने इतक्यात नीट बघितलं नव्हतं. घाईचा तलाव तिला आठवला. तेव्हा तोही असाच म्हणाला होता, विसरलोच असेन.

"काही नाही," आजी म्हणाली. "उशीर होतोय तुला."

तो तरी उठला नाही. "आई, त्या दिवशी..."

"कोणत्या दिवशी?"

मुलगा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग नाडी पुन्हा सोडून पुन्हा बांधली आणि गेला.

शनिवारी सगळे तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. सुनेने वेळ घेतली होती, घाईने बेकरीला दांडी मारली होती, मुलाने फोन बंद ठेवला होता. एकट्या आजीसाठी चौघं एका वेळी एका खोलीत बसली होती, आणि ते तिला इतकं अवघड वाटलं की ती सगळ्यांना "बसा, बसा" म्हणत राहिली.

डॉक्टरीण तरुण होती, हळू बोलत होती. तिने वार विचारला, ऋतू विचारला. "खिडकीत बघून सांगितलं तर चालेल का?" आजीने विचारलं, आणि डॉक्टरीण हसली. मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले: घोडा, चमचा, पाऊस. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते परत विचारले. आजीला चमचा सापडला. बाकीचे दोन तिने पुष्कळ शोधले. घाई खालचा ओठ दातात धरून खाली बघत होती. तिला उत्तर सांगायची घाई झाली होती आणि सांगायचं नव्हतं.

"राहू द्या, आजी," डॉक्टरीण म्हणाली. "आता तुम्हीच सांगा. गेल्या दोन-तीन महिन्यांतली एखादी गोष्ट, जी तुम्हाला अगदी स्पष्ट आठवते. कुणी काय म्हटलं, कुठे उभं होतं, सगळं. आहे अशी?"

सून पुढे वाकून, उत्सुकतेने, तिच्या तोंडाकडे बघत होती. मुलगा शेजारच्या खुर्चीत होता. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि तो जमिनीकडे बघत होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"सावकाश आठवा," डॉक्टरीण म्हणाली.

"नाही बाई," आजी म्हणाली. "तसं काही नाही आठवत."

डॉक्टरिणीने मान हलवली. सुनेचे डोळे भरले. तिने आजीचा हात हातात घेतला आणि आपल्या वॉर्डात बाळंतिणीचा धरते तसा घट्ट धरला. मुलगा काही वेळ उठलाच नाही. मग उठला, आणि खुर्चीच्या पाठीवरचा आजीचा कोट घेऊन तिच्यामागे उभा राहिला. बाही सापडायला तिला वेळ लागला. तो कोट धरून थांबला. मग तिच्यासमोर येऊन, वाकून, वरपासून खालपर्यंत बटणं लावू लागला, एकेक, मोठ्या काळजीने. शेवटी खाली एक काज रिकामं उरलं. पहिलंच बटण चुकलं होतं.

त्याच्या ते लक्षात आलं नाही. आजीच्या आलं. तिने कोटावरून हात फिरवला, "झालं," म्हणाली, आणि तशीच त्यांच्यापुढे चालू लागली.